उजवा बाक उशिरा पोचतो

माझ्या जीपच्या डाव्या बाकावर बसलेली माणसं उजव्या बाकावरच्या माणसांच्या तासभर आधी बाजारात पोचतात, हे मी सहा महिने घसा फोडून सांगत होते आणि एकाही माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

गाडी एकच. ती निघते एकदाच, एकाच ड्रायव्हरच्या हातानं, म्हणजे माझ्या. मी कोळंबखडी ते निनाईपेठ वडाप करते, म्हणजे माणसं भरून जीप सोडते. अठरा किलोमीटर, मधे खिंड, खिंडीखाली ओढा. जीप मिलिटरीच्या लिलावातली, चारी चाकांना ताकद लावायचा लिव्हर असलेली. आमच्या घरधन्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, मीच चालवते. मागं समोरासमोर दोन लांब बाक आहेत. एकेका बाकावर किती माणसं बसतात ते कायद्याला विचारा, मला विचारू नका.

निघताना सगळी दिसतात. पहिल्या वळणाला आरशात बघितलं की उजवा बाक जरा विरळ वाटायला लागतो. खिंड ओलांडली की रिकामा. निनाईपेठेच्या स्टँडवर गाडी लावली की डावीकडची माणसं उतरतात, पदर झटकतात, पिशव्या घेतात आणि बाजारात जातात. मग मी बसून राहते. तासाभरानं उजव्या बाकावर माणसं पोचतात, तीही पदर झटकतात आणि बाजारात जातात.

आता ज्यांना उशीर झाला त्यांना तो कळायला पाहिजे की नाही? नाही कळत. त्यांची घड्याळं बरोबर तेवढीच मागं असतात. ती आपल्या घड्याळानं वेळेवर आलेली असतात. आणि डावीकडची तेव्हा भाजीचा भाव करत असतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, उजवीकडची आधी उतरली असतील, आम्ही कशाला बघतोय. मधल्या तासात स्टँडवर फक्त मी असते, आणि मी म्हणजे कोण, तर चौथी पास बाई.

एकानं मला शहाणपणानं विचारलं, "मावशी, मग उजवीकडच्यांची गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं, मीच चालवते, एकदाच. त्यांना मी पुढं दिसते का, हे त्यांना विचार. त्यांनी कधी बघितलेलं नाही. बाई गाडी चालवायला लागली की गडी माणसं खिडकीतून डोंगर बघतात, आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडं बघतात.

रत्नाबाई घोरपडे आणि तिचा नवरा एकदा समोरासमोर बसले. ती उतरली, कांदे घेतले, लसूण घेतली, चहा प्याली, परत येऊन बघते तर नवरा नुकताच पोचत होता, तोंडात खिंडीतली विडी अजून निम्मी. तिनं स्टँडवरच त्याला धरलं, "कुठं होता एवढा वेळ?" तो म्हणाला, "तुझ्यासमोर." त्यावरून त्यांचं चार दिवस जेवण वेगळं होतं. आणि मागच्या महिन्यात मधल्या जागेत एकाची शेळी उभी होती, तोंड डावीकडं आणि शेपूट उजवीकडं. ती बरोबर मधल्या वेळेला पोचली. तिनं कुणाकडं तक्रार केली नाही. तेवढी अक्कल शेळीलाच.

तक्रार माणसांनी केली, पण वेगळी. स्टँडवर आमची वाहनचालक-मालक संघटना आहे. नंबराप्रमाणं गाडी लागते, भरते, सुटते. माझा नंबर तीन. मी आले की माझी गाडी तासभर जागा अडवून उभी राहते, कारण उजवा बाक यायचा असतो. मागचे हॉर्न मारतात. "ए आक्का, गाडी काढ की! माणसं उतरवायला काय मुहूर्त लागतो काय?" मी म्हणायची, "निम्मीच आल्यात अजून, काढू कशी?" मग ते हसायचे. हसून झालं की अर्ज करायचे. अर्ज एवढे झाले की संघटनेचे अध्यक्ष हिंदुनाना पिसाळ यांनी ठरवलं, सोमवारी वार्षिक नंबरवाटप आहे, संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येक गाडीच्या दाखल्यावर अध्यक्षाची सही पाहिजे, आणि शेवंता खबालेच्या, म्हणजे माझ्या, गाडीचा दाखला ट्रायल घेतल्याशिवाय द्यायचा नाही.

नंबर गेला तर स्टँडवर माणूस भरता येत नाही. नंबर नसलेल्या जीपमध्ये आमच्याकडं कोंबड्या अंडी घालतात, अशा चार जीपा मी तुम्हाला दाखवीन. आणि माझा नंबर गेला तर तो कुणाला मिळणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नानांच्या जावयानं नवी कोरी गाडी घेऊन ठेवली होती. तिच्या पुढच्या काचेवर तीनचा आकडा रंगवूनसुद्धा झाला होता. हौसेनं म्हणे.

ट्रायलच्या आधी मी बाबालाल शिकलगाराकडं गेले. बाबालाल मिस्त्री म्हणजे निनाईपेठेतला जुना फिटर, बोनेट न उघडता गाडीचं दुखणं सांगणारा.

"आक्का, आवाज कसा हाय?"

"रेस दिली की ऊं करतोय. पाय काढला की आवाज बदलतोय, कण्हल्यासारखा. पहिला गिअर टाकून उचलली की मागं टक्‌कन् वाजतंय."

"मागचा डिफ्रन्सल गेला." डिफ्रन्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी.

"आणि उजवा बाक उशिरा पोचतोय."

बाबालाल हसला नाही, पण हसू आवरायला त्याला पान थुंकायला जावं लागलं. परत येऊन म्हणाला, "आक्का, डिफ्रन्सल आवाज करतो, तेल गाळतो, मोडतो. उशीर करत न्हाई. तीस वर्षं झाली मला."

"मग सोमवारी डाव्या बाकावर बस," मी म्हटलं. "तुझी तीस वर्षं मांडीवर घेऊन बस."

सोमवारी सकाळी नाना बाबालालला घेऊन दुसऱ्या गाडीनं वर कोळंबखडीला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. सगळ्या गावासमोर ते उजव्या बाकावर बसले आणि मांडीवर हात आपटून म्हणाले, "बसलो बघ. शेवंते, आज तुझं खोटं मी स्वतःच्या बुडाखाली घेऊन चाललोय. मी आणि हा मिस्त्री एका वेळी उतरलो, की तू उद्यापासून घरी भाकऱ्या भाजायच्या."

"भाकऱ्या मी पहाटेच भाजते नाना," मी म्हटलं. "तुम्ही उठायच्या आत."

साडेआठला निघालो. दुसरं पॅसेंजर घेतलं नाही. पहिल्या वळणाला नानांची टोपी आरशात फिकट झाली. ओढ्यात उतरलो तेव्हा नुसती दोन पेनं चमकत होती. खिंड चढून गेल्यावर तीही नाहीत. बाबालाल डाव्या बाकावर समोर बघत बसला होता. तोंड उघडं, पान तसंच.

पावणेदहाला स्टँडवर पोचलो. बाबालाल उतरला. त्यानं उजव्या बाकावरून हात फिरवला, बाकाखाली वाकून बघितलं, आणि मग मला वाटलं होतं की हा आता देवाचं नाव घेईल. पण कारागीर माणूस. त्यानं विचारलं, "आक्का, डिफ्रन्सलचं तेल शेवटचं कधी बदललं?"

माझ्यावर विश्वास ठेवायची त्याची ही तऱ्हा. मी मनात धरली नाही.

तेवढ्यात गुरवअण्णा रजिस्टर घेऊन आले. यशवंत गुरव हे संघटनेचे सेक्रेटरी, आणि स्टँडच्या कोपऱ्यावरच्या मारुतीची पूजाही त्यांच्याकडंच. माणूस सरळ, पण रजिस्टरात नसलेली गोष्ट त्यांना दिसत नाही.

"अध्यक्ष कुठायत?"

"उजव्या बाकावर," मी म्हटलं.

अण्णांनी बाक बघितला. "हितं न्हाईत."

"अजून पोचले नाहीत. वाटेत आहेत."

अण्णांनी फोन लावला. नाना कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होते. "खिंडीत रेंज नसतीच," अण्णा म्हणाले आणि लिहिलं, अध्यक्ष खिंडीत. मग चष्मा वर करून विचारलं, "कधी पोचतील?"

मी होतं तसं सांगितलं. सुरुवातीला दहा मिनिटांचा फरक होता, मग तासाचा, मागच्या आठवड्यात दीड तास, परवा शनिवारी साडेचार. झीज वाढते तसा उशीर वाढतो. बाबालालनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, आज नऊ तासांच्या आत येत नाहीत, म्हणजे संध्याकाळी पावणेसात.

"आणि नंबरवाटप पाचला बंद," अण्णा म्हणाले. "सही अध्यक्षाचीच लागते. माझी चालत न्हाई. पाचला सही नसलेले नंबर मोकळे धरायचे, असा ठराव हाय. अध्यक्षांनीच मांडलेला."

म्हणजे नाना यायच्या आत माझा नंबर जाणार, आणि तो जाणार नाना आले नाहीत म्हणून. ज्या माणसाला मला खोटं पाडायचं होतं, त्याला वेळेत आणणं आता माझ्याच गळ्यात. मी बाबालालला विचारलं, "डिफ्रन्सल इथंच दुरुस्त केला तर?"

तो विचार करून म्हणाला, "दोन्ही चाकं एका टायमाला आली, तर दोन्ही बाकसुद्धा एका टायमाला यायला पायजेत. गिअरमधली ढील, प्ले, काढला की माणूस येईल."

"मग काढ."

अण्णा मधे पडले. "थांबा. गाडीत अध्यक्ष असताना चाक काढायचं?"

"गाडीत कुठायत?" मी म्हटलं. "तुम्हीच लिहिलंय खिंडीत म्हणून."

"बरं. मग चाक निघाल्यावर ते काय करतील?"

"वाटेत थांबतील," बाबालाल म्हणाला. "गाडी बिघडल्यावर पॅसेंजर थांबतंयच की." अण्णांना हे पटलं. त्यांनी तशी नोंद केली.

स्टँडवरच गाडीच्या मागं जॅक लावले, खाली ओंडके सरकवले, मागची दोन्ही चाकं अधांतरी. बाबालालनं आधी डावं चाक हातानं फिरवलं. मी उजव्यावर हात ठेवून बसले. डावं चाक वीतभर फिरलं, तेव्हा कुठं उजव्याला कळलं.

"वीतभर!" बाबालाल म्हणाला. "अंगठ्याच्या नखाएवढं असतं तरी मी तुला बोललो असतो."

मग त्यानं खालचा नट सोडून तेल काढलं. ते काकवीसारखं निघायला पाहिजे होतं. निघालं काजळासारखं काळं, आणि त्यात जरीसारखी चमक. हात घालून गाळावर बोटं फिरवली तर मेथीच्या दाण्याएवढे लोखंडाचे तुकडे. त्यातले थोडे त्यानं अण्णांच्या तळहातावर ठेवले. "हे तुमच्या अध्यक्षांना उशीर व्हायचं कारण." अण्णांनी ते कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडीवर तारीख घातली.

झाकण उघडलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगते, आत एक मोठी दातेरी थाळी असते, तिला फिरवणारा एक बारका गिअर असतो, आणि थाळीच्या पोटात एका पिंजऱ्यात चार पोरकट गिअर एका पिनेभोवती फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो आणि आतल्याला जवळचा, तेव्हा ही चौघं दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतात. वळण संपलं की पुन्हा बरोबर घेतात. आमच्या पिंजऱ्यातल्या पिनेला खोल चर पडले होते, मागच्या चकत्या कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या उरल्या होत्या. दोघांना आपापल्या चालीनं जाऊ द्यायचं त्यांना येत होतं. बरोबर घ्यायचं विसरून गेले होते. अशी घरं मी आमच्या गल्लीत पाच दाखवीन.

"पण झिजलं कशानं एवढं?" मी विचारलं. "मी काय गाडी शर्यतीला पळवत नाही."

बाबालालनं सुतळी मागितली. आधी डाव्या टायरला गुंडाळून मापली, मग उजव्याला. उजवा चार बोटं कमी.

"टायर कुठला हा?"

स्टँडवर सगळे ऐकत होते. मग म्हटलं, ऐकू देत की. "मानाचा टायर आहे," मी मोठ्यानं सांगितलं.

आमच्या संघटनेत नंबर मिळाला की अध्यक्षाच्या शेडमधून एक टायर घ्यावा लागतो. त्याला मानाचा टायर म्हणतात. नारळ फोडून, हार घालून तो गाडीला बसवतात. जोडी देत नाहीत, मान एकालाच असतो. माप विचारायचं नाही, देवाला साडीचं माप कोण विचारतं? माझ्या नंबरचं नूतनीकरण झालं तेव्हा हा रबर चढवलेला टायर मला मिळाला आणि मी तो उजव्या बाजूला बसवला, कारण मान उजव्या हाताचा.

"लहान चाकाला तेवढ्याच रस्त्याला जादा फेरे पडत्यात," बाबालाल म्हणाला. "सरळ रस्त्यावरसुद्धा आतली चौघं अखंड फिरत राहिली. झिजणार न्हाईत तर काय? आणि ज्याला जादा फेरे, तो मागं पडणार. साधं हाय."

साधं होतं. स्टँडवरच्या अकरा गाड्यांच्या ड्रायव्हरांनी हळूच आपापल्या मागच्या चाकांकडं बघितलं. एकजण सुतळी कुठली आहे म्हणून विचारायला आला. त्याला मी सहा महिन्यांतलं सगळं हसू परत केलं.

टायर बदलायला माझ्याकडं स्टेपनी होती, डाव्याच्याच मापाची. गिअर, पिन आणि चकत्या बाबालालनं गॅरेजमागच्या मोडीत काढलेल्या जीपमधून आणल्या. त्या जीपला मेलेली म्हणायचं बाबालाल टाळतो, म्हणतो ती सुटी सुटी जगते. दोन वाजून गेले. मी हाफशाफ्ट, चाकाचा दांडा, धरून बसले, बेअरिंग रॉकेलनं धुतलं, भाकरी एका हातानं खाल्ली. जावई दोनदा येऊन गेला. "मावशी, सासरे कुठायत?" दुसऱ्यांदा मी सांगितलं, "तुझ्या सासऱ्यांचा प्ले काढतोय, घाई करू नकोस." त्याचा नव्या गाडीचा अर्जही सहीसाठी अडकून पडला होता. काचेवरच्या तीनच्या आकड्यावर ऊन पडून रंग फुटायला लागला होता.

तीनला थाळी आणि बारका गिअर जुळवायचं काम आलं. दात दाताच्या बरोबर मधे बसतो की कडेला, हे बघायला दातांना रंग लावून फिरवावं लागतं.

"शेंदूर पायजे," बाबालाल म्हणाला. "तेलात कालवलेला."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मारुतीकडं बघितलं.

"देवाचा शेंदूर डिफ्रन्सलला?"

"अध्यक्षांसाठी हाय अण्णा."

अण्णा गेले, मारुतीच्या पायाशी दोन मिनिटं उभे राहिले, आणि वाटीत शेंदूर घेऊन आले. रजिस्टरात लिहिलं, शेंदूर एक वाटी, अध्यक्षांना आणण्यासाठी, देवाच्या संमतीने. बाबालालनं तो दातांना लावला, थाळी फिरवली. ठसा कडेला उमटला. त्यानं एक शिम काढली. शिम म्हणजे पत्र्याची पातळ चकती, ती काढली की गिअर केसभर जवळ येतात.

पहिली शिम काढली तेव्हा उजव्या बाकावर तंबाखूचा वास आला.

दुसरी काढली, तेव्हा बाकाखाली चपला दिसायला लागल्या. नुसत्या चपला. अण्णांनी त्या ओळखल्या. "अध्यक्षांच्याच. अंगठा नवीन लावलाय." त्यांनी विचारलं, अर्धवट हजेरी लावायची का? मी म्हटलं, चपलांना सही करता येत नाही.

तिसऱ्या शिमेला दोन पेनं आली, आणि नानांचा आवाज, लांबून, विहिरीतून बोलल्यासारखा. रस्त्याला शिव्या देत होते. चार वाजून वीस मिनिटं.

"आणखी एक काढ," मी म्हटलं.

बाबालाल थांबला. ठसा बघत राहिला. "आक्का, बेतानं. जादा आवळलं तर गिअर तापून फुटंल. आणि..."

"आणि काय?"

"आणि माणूस काल पोचंल."

"काल चालणार न्हाई," अण्णा घाईनं म्हणाले. "काल रविवार. रजिस्टर बंद होतं."

म्हणून बाबालालनं अख्खी शिम काढली नाही. आहे ती काढून निम्म्या जाडीची घातली, नट आवळले, थाळी फिरवली. शेंदराचा ठसा दाताच्या बरोबर मधे, कुंकवासारखा गोल. झाकण लावलं, नवीन तेल भरलं. डावं चाक फिरवलं. उजव्याला तिथल्या तिथं कळलं.

"हं," नाना बाकावरून म्हणाले, "आलं का स्टँड?"

चार वाजून चाळीस मिनिटं. नाना आख्खे होते. त्यांनी घड्याळात बघितलं. "पावणेदहा. बघा. मी आणि मिस्त्री एकाच वेळी पोचलो." मग त्यांना बाबालाल दिसला, कोपरापर्यंत काळा, बोटं शेंदरी. "तू उतरून लगीच खाली कशाला शिरलास रे?"

"सवय हाय नाना," बाबालाल म्हणाला.

नाना उतरले. बाजारवाले ताडपत्र्या गुंडाळत होते. "आज बाजार लवकर उठला," नाना म्हणाले. स्टँडवरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं तर म्हणाले, त्याचा सेल गेलाय. त्यांची सावली पूर्वेला लांब पडली होती. तिच्याकडं त्यांनी बघितलंच नाही. अध्यक्ष माणसाला सावलीकडं बघायला वेळ कुठला.

मग ते माझ्याकडं वळले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेवंते, कुठाय तुझा उशीर? बसलो, आलो, उतरलो. गाडीला काही झालेलं नाही. सहा महिने बाईनं स्टँड नादी लावला! उगाच नाही म्हणत बायकांनी..."

"दाखला," मी म्हटलं आणि कागद पुढं धरला. "गाडीत दोष नाही असं लिहा आणि सही करा."

त्यांनी लिहिलं. गाडी निर्दोष, प्रवास वेळेत झाला, नंबर तीन कायम. खाली लांब शेपटीची सही. मला खोटं पाडायच्या भरात त्यांनी माझा नंबर वाचवला. जावयानं ते वाकून दोनदा वाचलं. चार सत्तेचाळीस झाले होते.

मी कागद घडी करून ब्लाउजात ठेवला. तिथंच थांबायला पाहिजे होतं. बाबालाल डोळ्यांनी खुणावत होता, आक्का चल. पण अण्णांनी रजिस्टर उघडलं.

"नाना, आणखी एक नोंद राहती. जागा क्रमांक तीन आज पावणेदहा ते पावणेपाच अडलेली होती. दहाची बैठक झाली न्हाई. नवीन गाड्यांचे अर्ज बारापर्यंत सहीनं घ्यायचे होते, ते बाद झाले. त्यात जावईबापूंचा बी हाय." अण्णांनी चष्मा पुसला. "ह्या नोंदीला जबाबदार कोण, हा रकाना हाय. तो मोकळा सोडता येत न्हाई."

"हिचं नाव लिहा," नाना माझ्याकडं बोट करून म्हणाले.

"तसं येत न्हाई. गाडी निर्दोष आणि प्रवास वेळेत, असं आपण आत्ताच लिहून दिलंय. निर्दोष गाडीच्या ड्रायव्हरला जबाबदार धरता येत न्हाई. मिस्त्री तर सकाळपासनं हितंच हुता, सगळ्यांनी बघितलाय." अण्णा तसंच सरळ आवाजात वाचल्यासारखं बोलत राहिले. "आपण साडेआठला निघालात. गाडी ठीक हुती. मग सात तास आपण कुठं होता?"

नानांनी घड्याळ बघितलं. कानाला लावलं. ते चालू होतं.

स्टँडवर पत्ते खेळणारे उठून जवळ आले होते. हमाल थांबले होते. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी ब्लाउजातून दाखला काढला.

"नाना," मी म्हटलं, "दुसरा मार्ग आहे. गाडीत दोष होता असं लिहा. उजवा बाक उशिरा पोचत होता असं लिहा. तुमच्या टायरचं मी नाव काढत नाही. एवढंच म्हणा, इथं, ह्या सगळ्यांसमोर, की शेवंता खबाले खरं बोलत होती. मग दोष माझ्या गाडीचा, नाव माझं, नंबर गेला तर गेला. हा घ्या दाखला, फाडा."

"आक्का, येड लागलं काय?" बाबालाल माझा हात धरायला आला. मी त्याच्या शेंदरी बोटांवर चापट मारली.

खरं सांगते, त्या क्षणी मला नंबर नको होता. सहा महिने मी एकटी त्या बाकाकडं बघत बसले होते. माणूस नसलेल्या जागेकडं बघत, ती येतील, येतील म्हणत. एक शब्द पाहिजे होता. त्यासाठी मी जीपमध्ये कोंबड्या घालायला तयार होते.

नानांनी कागदाकडं बघितलं. मग जावयाकडं, ड्रायव्हरांकडं, हमालांकडं. त्यांच्या ओठावर शब्द आला असं मला वाटलं. समोर मी उभी होते, रॉकेलचे हात, चौथी पास.

"बाई खरं बोलत होती असं मी लिहून देऊ?" ते शेवटी म्हणाले. "एका बाईला?" त्यांनी मनगटावरचं घड्याळ शर्टाच्या बाहीत सरकवलं आणि अण्णांना म्हणाले, "लिहा."

"काय लिहू?"

"रकान्यात जे यायचं ते लिहा."

अण्णांनी पेन झटकलं, रकाना बोटानं शोधला आणि लिहिता लिहिता, त्यांची पद्धत आहे तशी, एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. नाना शेजारी ताठ उभे होते. पाच वाजायला दोन मिनिटं कमी होती.

"जबाबदार व्यक्तीचे संपूर्ण नाव," अण्णांनी वाचलं. "श्री. हिंदुराव ज्ञानदेव पिसाळ."